मोबाइल ॲपचे प्रशिक्षण आणि ग्रामीण वापरकर्ता

(मोबाइल ॲप तयार करण्याच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणवर्गाच्या प्रारंभी, प्रशिक्षणार्थी तरुण, शिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता केवळ संगणक शिकणाऱ्या तरुणांचा वाटण्यासारखा आहे. मोबाइलवर चालणारी ॲप्स तयार करणारे आज्ञावलीकार कसे घडवावेत, हा तो विषय. सरपंचांनी, शाळेच्या बाईंनी किंवा दूध सोसायटीच्या सचिवांनी तो ऐकावा असे त्यात काय आहे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. आज गावात होणाऱ्या कितीतरी नोंदी मोबाइलवर होऊ लागल्या आहेत. बालकाचे वजन, शेताची पाहणी, शाळेतील हजेरी, घरपट्टीचा भरणा, पुराने झालेल्या नुकसानीचा पंचनामा या सर्वांसाठी कोणी तरी ॲप तयार करतो आणि दुसरेच कोणी तरी ते वापरतात. तयार करणारा शहरात आणि वापरणारा खेड्यात असतो व या दोघांची भेट बहुधा कधीच होत नाही. ती भेट प्रशिक्षणाच्या काळातच घडवून आणली पाहिजे, हे आज मला आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

अवजारे बदलतात

ॲप म्हणजे विशिष्ट कामासाठी लिहिलेली आज्ञावली. फोन हे यंत्र झाले. त्याने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांचा क्रम म्हणजे ॲप. असे प्रोग्राम मोबाइलवर पूर्वीही असत; परंतु सर्वसामान्य माणसाने स्वतः निवडून ते आपल्या फोनवर घ्यावेत, अशी मोठी सोय २००८ साली झाली. त्या वर्षी जुलैमध्ये ॲपल कंपनीने आपले ॲप स्टोअर उघडले आणि त्याच वर्षी अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन बाजारात आला. भारतात आज बहुसंख्य लोकांच्या हाती अँड्रॉइडचे फोन आहेत. म्हणून आपल्याकडील प्रशिक्षणही मुख्यतः अँड्रॉइडभोवती उभे राहिले, हे स्वाभाविकच होय.

२०१६ साली गूगल कंपनीने भारतात तीन वर्षांत वीस लाख लोकांना अँड्रॉइडचे प्रशिक्षण देण्याचा संकल्प जाहीर केला. त्यासाठी महाविद्यालये व कौशल्य विकासाच्या संस्था यांच्यामार्फत अभ्यासक्रम चालवावयाचे ठरले. त्या वेळी ॲप जावा या भाषेत लिहिले जाई. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१७ साली, कोटलिन या भाषेला गूगलने अधिकृत स्थान दिले आणि २०१९ साली नव्या कामासाठी कोटलिनच प्रथम पसंतीची भाषा असेल असे जाहीर केले. २०२१ साली पडद्यावरील रचना लिहिण्याची कंपोझ नावाची सर्वस्वी वेगळी पद्धत आली. म्हणजे २०१६ साली जो विद्यार्थी मन लावून शिकला, त्याच्या हातातील बरीच अवजारे पाच वर्षांत जुनी झाली. याच्याही आधी एक्लिप्स नावाच्या साधनावर अँड्रॉइडचे काम चाले. २०१४ च्या डिसेंबरात अँड्रॉइड स्टुडिओची पहिली पक्की आवृत्ती आली आणि ते मागे पडले.

या हकीकतीवरून शिक्षकांनी एक बोध घ्यावा. एखाद्या साधनातील कोणते बटण कोठे आहे, एवढेच ज्या वर्गात शिकविले जाते, त्या वर्गाचे फळ चार-पाच वर्षे टिकते. सुताराच्या हातात रंधा जाऊन यंत्र आले, तरी लाकडाची जात ओळखण्याचे त्याचे ज्ञान वाया गेले नाही. त्याचप्रमाणे या व्यवसायातही काही गोष्टी न बदलणाऱ्या आहेत. माहिती कशी मांडावी, चूक कशी शोधावी, काम मधेच थांबले तर काय करावे आणि वापरणाऱ्याची अडचण कशी समजून घ्यावी, या त्या गोष्टी होत.

अलीकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आली आहे. आपल्याला काय हवे ते साध्या शब्दांत सांगितले असता कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता उपलब्ध झाली आहेत. त्यामुळे प्रशिक्षणाची गरज संपली, असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. यंत्र कोड लिहून देईल. परंतु काय हवे हे नेमके सांगण्याचे आणि जे मिळाले ते बरोबर आहे की नाही हे तपासण्याचे काम माणसाकडेच राहते. ज्याने दूध सोसायटीचे काम डोळ्यांनी पाहिले नाही, तो यंत्राला तरी काय सांगणार?

पहिला धडा: काम पाहणे

दूध सोसायटीचेच उदाहरण आपण जरा विस्ताराने घेऊ. समजा, आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांना गावच्या दूध संकलन केंद्रासाठी ॲप तयार करावयाचे आहे. वर्गात बसून विचार करणारा विद्यार्थी म्हणेल, की यात अवघड असे काही नाही. शेतकऱ्याचे नाव, दुधाचे लिटर, दर आणि रक्कम असे चार रकाने केले की झाले.

आता त्याच विद्यार्थ्याला सकाळी सहाच्या आधी केंद्रावर पाठवावे. तेथे त्याला काय दिसेल? दारात कॅन व किटल्या घेऊन माणसे रांगेत उभी आहेत. त्यांना परत जाऊन इतर कामे करावयाची आहेत आणि दूध नेणारी गाडीही ठरल्या वेळी येणार आहे. एकेका माणसामागे सचिवाला मिनिटभराहून अधिक वेळ देता येत नाही. माप होते, नमुना घेतला जातो, फॅट तपासले जाते, डिग्री पाहिली जाते. गाईचे दूध आणि म्हशीचे दूध यांचा दर वेगळा. त्यातही फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारे घनपदार्थ, यांच्या प्रमाणावर दर ठरतो. त्यासाठी भिंतीवर दरपत्रक लावलेले असते. सचिवाचे हात ओले असतात आणि ओल्या बोटांनी फोनचा पडदा नीट चालत नाही. एकाच आडनावाची पाच-सहा माणसे रांगेत असल्यामुळे सचिव नावापेक्षा सभासद क्रमांकाने काम करतो. शेतकऱ्याच्या हाती एक छोटे कार्ड असते. त्यावरील आकडा आणि वहीतील आकडा जुळला की तो समाधानाने घरी जातो.

एवढे पाहिल्यावर त्या विद्यार्थ्याचे चार रकाने पार बदलून जातात. नावाऐवजी सभासद क्रमांक पुढे येतो. अक्षरे व बटणे मोठी होतात. दर हाताने लिहिण्याची गरज उरत नाही. तो दरपत्रकावरून आपोआप निघावयास हवा, हे लक्षात येते. चुकीची नोंद झाली तर ती पुसून टाकावी की दुरुस्तीची वेगळी नोंद करावी, हा प्रश्न उभा राहतो. हिशेबाच्या वहीत आपण खाडाखोड करून मूळ आकडा नाहीसा करीत नाही. तो आडवी रेघ मारून दिसू देतो आणि शेजारी सही करतो. ॲपमध्येही तसेच करावयास हवे, नाहीतर महिनाअखेर कोणाचा आकडा खरा, यावरून भांडण होईल.

या ठिकाणी एक अगदी लहान तपशील सांगतो. शेतकरी म्हणतो, 'सव्वाचार लिटर'. सचिवाला ४.२५ असे लिहावयाचे असते. ॲप लिहिणाऱ्याने त्या रकान्यासाठी केवळ पूर्णांकाचा कळफलक ठेवला असेल, तर त्यावरून दशांशचिन्ह देताच येत नाही. मग सचिव एक तर ४ लिहील, नाहीतर ४२५ लिहील. पहिल्या प्रकारात शेतकऱ्याचे पाव लिटर दूध रोज जाते आणि दुसऱ्यात सगळा हिशेबच बिघडतो. कोड लिहिताना हा फरक एका शब्दाचा असतो. तो शब्द का महत्त्वाचा, हे केंद्रावर उभे राहिल्याशिवाय समजत नाही.

म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील एक काम निवडावे, ते किमान तीन वेळा प्रत्यक्ष पाहावे आणि मगच संगणकाला हात लावावा. पडदे प्रथम कागदावर काढावेत. तो कागद सचिवाच्या हाती देऊन, 'यावर आजची नोंद कशी कराल?' असे विचारावे आणि गप्प बसून पाहावे. जेथे त्यांचे बोट अडखळेल, तेथे रचना चुकली असे समजावे. कागद बदलावयास दोन मिनिटे लागतात. तयार झालेले ॲप बदलावयास दोन आठवडे लागतात.

दुसरा धडा: साधा फोन, तुटक संपर्क

प्रशिक्षण बहुधा शहरात होते. तेथे वेगवान इंटरनेट असते, वीज असते आणि शिक्षकाच्या हाती चांगला फोन असतो. खेड्यात परिस्थिती निराळी. सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत एका वळणावर संपर्क मिळतो आणि पुढच्या वळणावर तुटतो. पावसाळ्यात वीज जाते. घरातील एकच फोन कधी आईच्या, कधी मुलाच्या हाती असतो. त्याची मेमरी छायाचित्रांनी भरलेली असते.

अशा ठिकाणी चालणाऱ्या ॲपचा पहिला नियम असा, की नोंद प्रथम फोनमध्ये जपावी आणि मग संपर्क मिळेल तेव्हा पुढे पाठवावी. फोनमध्ये माहिती साठविण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आधीपासूनच असते. ती वापरण्याची सवय मात्र विद्यार्थ्याला लावावी लागते. 'इंटरनेट उपलब्ध नाही' असा संदेश दाखवून भरलेली माहिती टाकून देणारे ॲप म्हणजे पोस्ट बंद आहे म्हणून पत्र फाडून टाकण्यासारखे होय.

यात आणखी एक खोच आहे. समजा, सचिवाच्या फोनने नोंद पाठविली, ती मुख्य संगणकावर पोहोचली, परंतु 'पोहोचली' हा निरोप परत येण्याआधीच संपर्क तुटला. फोनला वाटते, नोंद गेलीच नाही. म्हणून तो ती पुन्हा पाठवितो. आता एकाच दुधाच्या दोन नोंदी झाल्या. यावरील उपाय आपल्या पावतीपुस्तकात पूर्वीपासून आहे, तो म्हणजे पावती क्रमांक. प्रत्येक नोंद होतानाच फोनने तिला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर मुख्य संगणकाने ती नवी नोंद मानू नये. ही युक्ती शिकविण्यास एक तास पुरतो. ती न शिकविल्यामुळे होणारा घोटाळा निस्तरण्यास महिने लागतात.

वर्गातील परीक्षेतही या गोष्टींना स्थान हवे. ॲप चालते का, एवढे न पाहता परीक्षकाने ते चालू असताना इंटरनेट बंद करावे. अर्धी नोंद भरली असता त्या फोनवर दुसऱ्या फोनवरून कॉल करावा. फोन आडवा करून पाहावा. कारण अँड्रॉइडमध्ये फोन आडवा होताच पडदा बहुधा नव्याने रचला जातो आणि काळजी न घेतल्यास तोवर लिहिलेले नाहीसे होते. उन्हात उभे राहून अक्षरे वाचता येतात का, ते पाहावे. चार-पाच वर्षे वापरलेला एक साधा फोन प्रत्येक वर्गात परीक्षेसाठी मुद्दाम ठेवावा.

हे सारे केवळ तंत्राचे प्रश्न नाहीत. केंद्र शासनाचे पोषण ट्रॅकर हे ॲप २०२१ साली अंगणवाड्यांमध्ये वापरात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेजारच्या महाराष्ट्र राज्यात हजारो अंगणवाडी सेविकांनी आपल्याला मिळालेले फोन शासनाला परत केले. फोनची क्षमता अपुरी आहे, तो वारंवार बिघडतो आणि ॲप मराठीत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. भाषेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे त्या ॲपमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय करण्यात आली. या प्रकरणात कोणाचा किती दोष, हे ठरविण्याचे आज कारण नाही. परंतु ज्या सेविकेला बालकाचे वजन घ्यावयाचे आहे, तिचा दिवस फोनशी झगडण्यात गेला तर नुकसान त्या बालकाचे होते, एवढे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

तिसरा धडा: आपली लिपी

मराठी व कोकणी या दोन्ही भाषांसाठी आपण देवनागरी वापरतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकांवरून शिकलेल्या विद्यार्थ्याला या लिपीतील बारकावे कोणी सांगत नाही. येथे भाषेच्या शिक्षकांचे साहाय्य फार मोलाचे ठरेल.

पूर्वी संगणकावर मराठी लिहिण्यासाठी अनेक फॉन्ट होते आणि प्रत्येकाची आतील अक्षरसंकेतांची व्यवस्था वेगळी होती. त्या काळी लिहिलेले कागद दुसऱ्या संगणकावर उघडले, की अर्थहीन चिन्हे दिसत, हा अनुभव कार्यालयांतील अनेकांना आहे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिल्यामुळे ही अडचण दूर झाली. म्हणून कार्यालयातील जुनी यादी ॲपमध्ये घेताना ती आधी युनिकोडमध्ये आणणे, हे पहिले काम होय.

तथापि युनिकोड आले म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. 'शास्त्री' हा शब्द घ्या. शाळेतले मूल सांगेल, की त्यात दोन अक्षरे आहेत, शा आणि स्त्री. संगणक मात्र त्यात आठ चिन्हे मोजतो: श, काना, स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. नावासाठी दहा चिन्हांची मर्यादा घातली, तर इंग्रजीत ती जेमतेम पुरेल. मराठीत नाव मधेच तुटून शेवटी नुसता पाय मोडलेला वर्ण उरेल. लघुसंदेशाचेही तसेच आहे. इंग्रजी संदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरीत ७०. शेतकऱ्याला पाठवावयाचा संदेश आखताना हे ठाऊक नसेल, तर एका संदेशाचे तीन होतात आणि खर्चही तिप्पट होतो.

वर्णक्रमाचा प्रश्न त्याहून मजेदार आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे केवळ संकेतांच्या क्रमाने गावांची यादी लावली, तर माळोली आधी येते आणि माशेल नंतर. शाळेत शिकलेल्या क्रमाने शोधणाऱ्या माणसाला माळोली सापडत नाही आणि आपले गाव यादीत नाही असे समजून तो फोन खाली ठेवतो. भाषेनुसार क्रम लावण्याची वेगळी सोय असते. ती आहे हे माहीत असले पाहिजे.

अंकांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. काही प्रोग्रामिंग भाषा '१२' हे बारा म्हणून ओळखतात. काही ओळखत नाहीत. जावामध्ये ते चालते, जावास्क्रिप्टमध्ये चालत नाही. उलट, वापरणाऱ्याने फोनची भाषा मराठी केली, की तारीख व रक्कम काही वेळा आपोआप देवनागरी अंकांत लिहिली जाते. पडद्यावर ते योग्यच आहे. पण तीच तारीख मुख्य संगणकाकडे गेली तर तो ती नाकारतो. म्हणजे ज्याने अभिमानाने आपला फोन मराठीत ठेवला, नेमके त्याचेच ॲप बंद पडते. यासाठी प्रत्येक ॲप फोनची भाषा मराठी करून तपासावे, असा दंडक वर्गात असावा. पडद्यावर दाखवावयाचा अंक आणि साठवावयाचा अंक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याला पहिल्यापासून शिकवावे.

खुद्द 'ॲप' या शब्दातील पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले तेही २००८ सालीच. फार जुन्या फोनवर ते अक्षर आजही रिकाम्या चौकोनासारखे दिसू शकते.

शेवटी शब्दांविषयी. इंग्रजी सूचनांचे शब्दशः भाषांतर करून मराठी ॲप होत नाही. बटणावर 'सादर करा' लिहावे की 'पाठवा', 'अवैध नोंद' म्हणावे की 'हा आकडा तपासा', हे वापरणाऱ्याला विचारून ठरवावे. शासकीय परिभाषा पत्रव्यवहारात शोभते. परंतु रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ती क्षणात उमगली पाहिजे. गावात ज्या वस्तूला जो शब्द आहे, तोच ॲपमध्ये यावा.

चौथा धडा: विश्वास

फोनमध्ये माणसाचे खाजगी आयुष्य साठलेले असते. २०१५ पूर्वी अँड्रॉइडवर ॲप घेतानाच सर्व परवानग्या एकदम द्याव्या लागत. त्या वर्षी आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, संपर्कयादी किंवा ठिकाण यांसारख्या गोष्टींसाठी वापराच्या वेळी वेगळी संमती विचारली जाऊ लागली. दुधाच्या हिशेबाच्या ॲपला फोनमधील संपर्कयादी कशाला हवी? जेवढे लागते तेवढेच मागावे, हा नियम प्रत्येक विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडला पाहिजे.

संसदेने २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय असावा, अशी त्यात तरतूद आहे. मराठी व कोकणी या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अटही त्यात आहे. शाळेसाठी ॲप करणाऱ्याने हे जाणून घेतलेच पाहिजे.

पाचवा धडा: नंतरची देखभाल

रस्ता बांधला की त्याची डागडुजी लागते, हे पंचायतीला सांगावयास नको. ॲपचेही तसेच आहे. अँड्रॉइडची नवी आवृत्ती दर वर्षी येते. प्ले स्टोअरच्या नियमांनुसार ॲपही त्या मानाने वेळोवेळी अद्ययावत करावे लागते. तसे न केल्यास नव्या फोनवर ते मिळेनासे होते. उद्घाटन थाटात झाले आणि दोन वर्षांत ॲप निकामी झाले, असे घडू नये म्हणून काम देतानाच चार गोष्टी लेखी ठरवाव्यात. स्टोअरवरील खाते संस्थेच्या नावावर असावे. काम करणाऱ्या व्यक्तीच्या नव्हे. मूळ कोड संस्थेच्या ताब्यात असावा. नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात केव्हाही बाहेर काढता याव्यात. दुरुस्ती कोण, किती काळ करणार, हे नमूद असावे. अँड्रॉइडच्या स्टोअरवर खाते उघडण्यास एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि ॲपलकडे दर वर्षी ९९ डॉलर. खर्च फार नाही. पण खाते ज्याच्या नावे, त्याच्या हाती किल्ली.

विद्यार्थ्यालाही याचे शिक्षण हवे. म्हणून वर्गाच्या अखेरच्या महिन्यात प्रत्येकाने आपले काम दुसऱ्याच्या स्वाधीन करावे आणि दुसऱ्याचे ॲप स्वतः दुरुस्त करावे. दुसऱ्याने लिहिलेले वाचण्याचा त्रास एकदा सोसला, की स्वतः नीटनेटके लिहिण्याची बुद्धी आपोआप होते.

आपण काय करू शकतो

साधनांची अडचण आता पूर्वीइतकी नाही. अँड्रॉइड स्टुडिओ विनामूल्य मिळते. त्यासाठी संगणक मात्र बरा लागतो. किमान आठ जीबी मेमरी हवी, सोळा असल्यास उत्तम. शाळेतील लहान मुलांसाठी याहून सोपे साधन आहे. ॲप इन्व्हेंटर नावाचे ते साधन २०१० साली गूगलमध्ये सुरू झाले आणि पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेने ते आपल्याकडे घेतले. त्यात सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून मूल स्वतःचे ॲप तयार करू शकते. गोवा शासनाने २०२१ साली शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्याची योजना हाती घेतली आहे. त्यामुळे या विषयाची तोंडओळख झालेली मुले पुढे आपल्या वर्गांत येतील.

पंचायतींना माझी विनंती आहे, की त्यांनी या विद्यार्थ्यांना आपल्या दारात उभे करावे, आपले काम पाहू द्यावे आणि प्रश्न विचारू द्यावेत. दूध सोसायटी, ग्रंथालय, स्वयंसहाय्य गट, कदंब बसचे वेळापत्रक अशी कितीतरी कामे अभ्यासासाठी योग्य आहेत. अधिकाऱ्यांना विनंती ही, की नवे ॲप लागू करण्यापूर्वी ते वापरणाऱ्या दहा माणसांच्या हाती महिनाभर द्यावे व त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. मराठी व कोकणीच्या शिक्षकांनी शब्दांची जबाबदारी घ्यावी. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलींना या वर्गांना आवर्जून पाठवावे. अंगणवाडी, स्वयंसहाय्य गट, घरचे दूधदुभते यांतील पुष्कळशी कामे स्त्रियाच करतात. त्या कामांची जाण असलेली मुलगी ॲप लिहावयास बसली, तर अर्धे काम आधीच झालेले असते.

आणि तरुण मित्रांनो, आपणांस एवढेच सांगतो. आपण लिहिलेला आकडा उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या पंधरवड्याच्या बिलात उतरणार आहे. तो बरोबर आला तर आपले नाव कोणी काढणार नाही आणि चुकला तर त्याच्या घरात त्या महिन्याची ओढाताण होईल. सहा महिन्यांनंतर प्रमाणपत्र घेण्यास याल, तेव्हा सोबत आपल्या ॲपवर नोंद करून पाहिलेल्या गावातील एका माणसाला घेऊन या. त्याला ते कसे वाटले, हे आम्ही त्यालाच विचारू.